अपाचे आरआर ३१० : मूळ गाडी घ्यावी की सगळ्या किटसह?

शिरोली एमआयडीसीतील एका मशीन शॉपमध्ये मी बावीस वर्षे तपासणी विभागात काम करत असल्यामुळे, मोजून पाहिल्याशिवाय कोणत्याही वस्तूबद्दल मत द्यायचे नाही ही सवय अंगात मुरली आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या भाच्याने टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० ही स्पोर्ट्‌स मोटारसायकल घ्यायचे ठरवले आणि ‘मामा, घेतोयच तर पूर्णच घेऊया की’ असे म्हणत सगळ्या किटसह, म्हणजे जादा पैसे मोजून मिळणाऱ्या सगळ्या सोयींसह असलेल्या गाडीचे कोटेशन माझ्यापुढे ठेवले, तेव्हा हीच सवय आड आली. पूर्ण म्हणजे काय, त्यातल्या कोणत्या भागाचे किती पैसे आणि कोल्हापूरच्या रस्त्यावर त्यातले काय कामी येते, याचा हिशेब लागेपर्यंत दसरा उजाडला. मधल्या काळात एका ओळखीच्या तरुणाची मूळ, म्हणजे क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गियर बदलू देणारी सोय) नसलेली लाल गाडी आणि आमच्या टूलरूममधील एका सहकाऱ्याची सगळी किट बसवलेली गाडी अशा दोन्ही गाड्या आम्ही दोघांनी पुष्कळ चालवल्या. हा अभिप्राय त्यावर आधारलेला आहे.

प्रथम दोन्हींत काय समान आहे ते सांगितले पाहिजे, कारण शोरूममधील बोलण्यात नेमके तेच मागे पडते. ३१२.२ सीसीचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन दोन्हींत तेच आहे. सिलिंडर मागे कललेला, हवा पुढून आत घेणारा आणि धूर मागून सोडणारा, ही बीएमडब्ल्यूबरोबरच्या सहकार्यातून आलेली रचना २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या पहिल्या गाडीपासून कायम आहे. सुरुवातीला हे इंजिन ३४ पीएस (म्हणजे साधारण तेवढे घोडे) ताकद देत असे, ती २०२४ च्या सप्टेंबरातील आवृत्तीपासून ९,८०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, ३८ पीएस झाली, आणि ही वाढ सर्वांत स्वस्त गाडीलाही तेवढीच मिळाली. ट्रेलिस फ्रेम, पुढची ३०० मिलिमीटरची डिस्क, मिशेलिन रोड ५ टायर, ११ लिटरची टाकी आणि ८१० मिलिमीटर उंचीची सीट यांतही फरक नाही. मोठ्या गाड्यांत असे असतेच असे नाही. ट्रायम्फच्या स्ट्रीट ट्रिपल ७६५ मध्ये ‘आर’ला १२० पीएस आणि ‘आरएस’ला १३० पीएस, म्हणजे वरच्या गाडीचे इंजिनच जास्त ताकदीचे आहे. आरआर ३१० मध्ये मात्र जास्तीचे पैसे मोजून एकही घोडा वाढत नाही. वळणावर मूळ गाडीच्या पुढे तुमची किटवाली गाडी गेली, तर ती इंजिनामुळे गेलेली नसेल.

पैशांचा फरक असा आहे. २०२४ च्या सप्टेंबरात जाहीर झालेल्या एक्स-शोरूम किमतींनुसार मूळ गाडी २ लाख ७५ हजार रुपयांना आणि तीच लाल गाडी क्विकशिफ्टरसह २ लाख ९२ हजारांना होती. डायनॅमिक किटचे १८ हजार, डायनॅमिक प्रो किटचे १६ हजार आणि रेस रेप्लिका रंगाचे ७ हजार वेगळे होते. रंग सोडून तिन्ही गोष्टी घेतल्या तर ५१ हजार रुपये, म्हणजे मूळ किमतीच्या जवळपास साडेअठरा टक्के जास्त होतात. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा लाभ या गाडीलाही मिळाला. येथे पुष्कळांची एक गल्लत होताना मी पाहिली : कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे गाडी दहा टक्के स्वस्त झाली, असे नसते. आधी १२८ रुपयांना मिळणारी वस्तू ११८ ला मिळू लागली, तर ग्राहकाच्या खिशातले पावणेआठ टक्केच वाचतात. महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी रस्ता कर किमतीच्या टक्केवारीने लागतो आणि विम्याचा हप्ताही गाडीच्या मूल्याबरोबर चढतो. त्यामुळे बिलात चढलेल्या किटवर हे दोन्ही खर्च पुन्हा भरावे लागतात. ‘महिन्याला फक्त साडेसोळाशे रुपये जादा’ हे शोरूममधले वाक्य दहा टक्के व्याजाने तीन वर्षांच्या कर्जावर बरोबर उतरते. पण हप्त्याच्या भाषेत सांगितलेली प्रत्येक रक्कम लहानच दिसते, हे आपण फ्रिज घेतानाही अनुभवलेले असते.

आता एकेक भाग पाहू. सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो तो क्विकशिफ्टर. गियर पडलेला असताना इंजिनाचा जोर गियरच्या दातांवर, नेमके सांगायचे तर एकमेकांत अडकलेल्या डॉगवर असतो, आणि तो जोर क्षणभर निघाल्याशिवाय डॉग सुटत नाहीत. क्लच दाबून आपण तेच करतो. क्विकशिफ्टरमध्ये गियरच्या दांडीवरचा सेन्सर पायाचा दाब ओळखतो आणि इंजिनाचा संगणक सेकंदाच्या एका लहानशा अंशासाठी जोर तोडतो. खाली उतरताना उलट थोडा थ्रॉटल स्वतःच देऊन इंजिनाचा वेग जुळवला जातो. या गाडीत वर आणि खाली अशा दोन्ही दिशांना ही सोय आहे. वाघबीळहून पन्हाळ्याकडे चढताना सहा-सात हजार आरपीएमच्या वर ती इतकी सफाईने चालते की डाव्या हाताला काम उरत नाही, आणि भाचा पहिल्याच फेरीत तिच्या प्रेमात पडला. पण तोच क्विकशिफ्टर कावळा नाक्याहून तावडे हॉटेलच्या चौकाकडे संध्याकाळी सहा वाजता वापरून पाहावा. एका सिलिंडरचे इंजिन तीन हजारांच्या आसपास चालत असताना, अर्धवट थ्रॉटलवर गियर बदलला की गाडी मान हलवल्यासारखा झटका देते, आणि दोन-तीन झटक्यांनंतर हात आपोआप क्लचकडे जातो. आमचे रोजचे चालवणे बहुतेक याच वेगात होते. मूळ गाडीतही स्लिपर क्लच आहे, त्यामुळे उतारावर भराभर गियर खाली टाकले तरी मागचे चाक उड्या मारत नाही आणि क्लचही बोटांना जड वाटत नाही. थोडक्यात, सतरा हजारांत आनंद मिळतो, गरज भागत नाही. ज्याला आनंदासाठीच गाडी घ्यायची आहे त्याला हे कारण पुरेसे आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्याला सुरक्षिततेचे नाव देऊ नये.

डायनॅमिक किटबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याविषयी जितके बोलले जाते तितके समजून घेतले जात नाही. या किटमध्ये पुढचे आणि मागचे सस्पेन्शन हवे तसे जुळवता येते, टायरमधील हवेचा दाब स्क्रीनवर दिसतो आणि चेनला पितळी मुलामा असतो. मूळ गाडीत मागच्या शॉकचा केवळ प्रीलोड बदलता येतो. आता प्रीलोड म्हणजे ‘हार्ड-सॉफ्ट’ नव्हे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेवर आणि वेढ्यांवर ठरतो, तो नट फिरवून बदलत नाही. प्रीलोडने एवढेच ठरते की चालक बसल्यावर गाडी किती खाली बसावी; या बसण्याला सॅग म्हणतात. हे टेप घेऊन मोजता येते. मागचे चाक अधांतरी धरून आक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत अंतर घ्यायचे, मग चालकाने हेल्मेट-जॅकेटसह बसायचे आणि तेच अंतर पुन्हा घ्यायचे. आमच्या घराच्या पार्किंगमध्ये, माझ्या बहिणीने टेप धरली असताना, मूळ गाडी ६१ किलो वजनाच्या भाच्याखाली २६ मिलिमीटर आणि ८७ किलो वजनाच्या माझ्याखाली ४१ मिलिमीटर बसली. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स गाडीसाठी तीस-पस्तीस मिलिमीटरच्या आसपासचा आकडा चालतो. म्हणजे माझ्यासाठी प्रीलोड वाढवावा लागला असता आणि भाच्यासाठी किंचित कमी करावा लागला, आणि हे काम मूळ गाडीच्या शॉकवरही एका पान्याने झाले. त्याला अठरा हजार लागले नाहीत.

अठरा हजार लागतात ते डॅम्पिंगसाठी. खड्ड्यात चाक वर ढकलले जाताना त्याला किती विरोध व्हावा ते कॉम्प्रेशन आणि दबलेली स्प्रिंग परत किती वेगाने उलगडावी ते रिबाउंड. दोन्ही गोष्टी तेलाच्या वाटेतील बारीक छिद्र लहान-मोठे करून साधतात आणि स्क्रू फिरवताना प्रत्येक टप्प्याला बोटाला ‘टिक’ जाणवते. सहकाऱ्याच्या गाडीवर मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा महामार्गावर प्रत्येक सांध्याला मनगटात कळ येत होती आणि उचगावचा पूल ओलांडेपर्यंत मला ही गाडीच सदोष वाटू लागली. घरी येऊन पाहिले तर सगळे स्क्रू शेवटपर्यंत घट्ट केलेले. ‘रेसिंगवाले हार्डच ठेवतात’ असे कोणीतरी सांगितल्यावरून त्याने पहिल्याच आठवड्यात ते आवळले होते आणि तेव्हापासून, पंचवीस हजारांच्या वर पगार मोजून घेतलेल्या मजुरासारखे, ते महागडे सस्पेन्शन काही काम न करता नुसते उभे होते. आम्ही प्रत्येक स्क्रू पूर्ण बंद करून तेथून मागे टप्पे मोजत मधोमध आणला, दोन्ही फोर्कचे आकडे वहीत लिहिले, मग पुढचे रिबाउंड दोन टप्पे आणि कॉम्प्रेशन चार टप्पे सैल केले. तीच गाडी, तोच रस्ता, पण दुसऱ्या दिवशी मी हात न झटकता कागलला पोहोचलो. मूळ गाडीशी तुलना केली तर वळणाच्या मधोमध खडबडीत पट्टा आला असता किटवाली गाडी एकदाच खाली-वर होऊन शांत होते, मूळ गाडीला आणखी अर्धा हेलकावा लागतो. फरक खरा आहे. तो जाणवण्यासाठी गाडी बऱ्यापैकी वेगात हवी आणि चालवणाऱ्याला वहीत आकडे लिहिण्याची आवड हवी. ज्याला दोन्हींपैकी एकही जमणार नाही, त्याने कंपनीने ठरवून दिलेल्या डॅम्पिंगवर विश्वास ठेवावा. ते सरासरी वजनाच्या चालकासाठी विचार करून ठरवलेले आहे आणि ते चुकीचे आवळताही येत नाही.

पितळी चेन दिसायला देखणी आहे आणि गगनबावड्याच्या पावसात तिला गंज उशिरा चढेल. तेल मात्र दोघींनाही सारखेच घालावे लागते. टायरचा दाब दाखवणारी सोय मला मनापासून आवडली. खिळा लागून हवा हळूहळू उतरत असली तर ते गाडी वळवताना जड लागण्याआधीच कळते. तरी पेट्रोल पंपावर आठवड्याला हवा तपासणाऱ्या माणसाला तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असे वाटणार नाही.

उरले प्रो किट. त्याचे नाव ऐकून ते ट्रॅकवरच्या हौशी लोकांसाठी असावे असा माझा समज झाला होता आणि तो पूर्णपणे चुकीचा ठरला. साधे एबीएस चाक लॉक होत आहे का एवढेच पाहते. गाडी सरळ आहे की कललेली, हे त्याला ठाऊक नसते. कललेल्या गाडीच्या टायरची पकड आधीच वळण धरण्यात खर्च होत असते, त्यामुळे त्याच अवस्थेत पुढचा ब्रेक जोरात दाबला तर एक तर चाक घसरते किंवा गाडी एकदम सरळ उभी राहून वळणाबाहेर जाते. प्रो किटमध्ये गाडीचा कल मोजणारा सेन्सर एबीएसला आणि मागचे चाक जागीच फिरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलला जोडलेला असतो आणि त्या कलानुसार ब्रेकचा व इंजिनाचा जोर आवरला जातो. ही सोय आमच्या जिल्ह्यात कोठे लागते हे सांगायला ट्रॅकवर जावे लागत नाही. फुलेवाडीतून निघून बालिंगे, कळे, साळवण करत गगनबावड्याला जाणारा पंचावन्न किलोमीटरचा रस्ता घ्या. पावसाळ्यात वळणावर शेतातून वाहून आलेली लाल माती, हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांचा चिखल आणि रस्त्यावर चेंगरलेली पाचट, आणि साळवणच्या पुढे धुके. ऑगस्टमध्ये एका डाव्या वळणावर समोर थांबलेली ट्रॉली दिसल्यावर मी सहकाऱ्याच्या गाडीचा ब्रेक, घाबरलेला माणूस दाबतो तसा, दाबला. बोटांना लिव्हरची थरथर जाणवली, गाडी कललेलीच राहिली आणि ट्रॉलीच्या तीन हात अलीकडे थांबली. मूळ गाडीने तसेच केले असते की नाही, हा प्रयोग करून पाहण्याची माझी तयारी नाही. तिला रेन मोड आहे, त्यात इंजिनाची ताकद कमी होते आणि ब्रेकही सावध होतात, शिवाय मिशेलिनचे टायर ओल्या रस्त्यावर उत्तम आहेत; पण कललेल्या गाडीचा हिशेब तिला करता येत नाही. माझ्या मते या सगळ्या यादीत पैसे मोजण्याजोगी पहिली वस्तू हीच आहे, आणि तिची जाहिरात मात्र सर्वांत कमी होते, कारण ती शोरूमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीवर दाखवता येत नाही.

रंगाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. सात हजारांचा रंग सुंदर आहे.

दोन्ही गाड्यांना सारख्याच लागू पडणाऱ्या काही गोष्टी निवड करण्याआधी पाहून घ्याव्यात. गर्दीत अडकल्यावर पंखा सुरू झाला की गुडघ्यांवर गरम हवा येते, एप्रिलमध्ये दसरा चौकात ते चांगलेच जाणवते. मागची सीट नावापुरती आहे. माझी बहीण एकदाच रंकाळ्यापर्यंत बसून गेली आणि येताना रिक्षाने आली. लिटरला तीस किलोमीटरच्या आसपास सरासरी मिळते, त्यामुळे एका टाकीत पुणे गाठता येते. यांतले काहीही किटमुळे बदलत नाही. आणि कोणते किट कोणत्या व्हेरिएंटवर बसवून मिळते, ते कारखान्यातूनच येते का आणि त्यासाठी किती आठवडे थांबावे लागते, हे बुकिंगची पावती घेतानाच लेखी मागून घ्यावे.

भाच्याचा निर्णय शेवटी त्याच्या आईने सोपा केला आणि मग पुन्हा अवघड केला. माझे सगळे विवेचन ऐकून ती म्हणाली, ‘दादा, ते ब्रेकचं काय म्हणतोस ते घे, रंग कसला का असेना.’ हे मलाही पटले होते. पण त्याचे हेल्मेट पाच वर्षांपूर्वीचे, कॉलेजात घेतलेले होते, आणि जॅकेट, हातमोजे, बूट यांपैकी काहीच नव्हते. चांगले हेल्मेट, गुडघ्या-कोपरांना संरक्षण देणारे जॅकेट-पँट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट यांचा शाहूपुरीत आणि राजारामपुरीत फिरून काढलेला अंदाज चौतीस हजारांवर गेला. पगार नवा, कर्जाची मर्यादा ठरलेली, आणि दोन्ही एकदम बसत नव्हते. किटसह गाडी घेऊन अंगावर टी-शर्ट घालायचा, की मूळ गाडी घेऊन अंगभर कपडे घालायचे, एवढाच प्रश्न उरला तेव्हा मी दुसऱ्या बाजूने कौल दिला. दसऱ्याला लाल रंगाची, क्विकशिफ्टर नसलेली, साधी चेन असलेली गाडी घरी आली आणि बहिणीने तिला झेंडूचा हार घातला.

तेव्हापासून साडेतीन हजार किलोमीटर झाले आहेत. गाडीचे सॅग आम्ही बरोबर ३१ मिलिमीटरवर लावले आहे आणि त्याने अद्याप सस्पेन्शनबद्दल एकदाही तक्रार केलेली नाही. क्विकशिफ्टरची आठवण तो पन्हाळ्याहून उतरला की काढतो, शहरात काढत नाही. मला मात्र तो गगनबावड्याकडे निघाला की प्रो किटची रुखरुख लागते, आणि हंगाम संपेपर्यंत त्याने साळवणच्या पुढे जाऊ नये, असे मी त्याला सांगून ठेवले आहे. तो ऐकतो की नाही, ते चेनला लागलेल्या लाल मातीवरून रविवारी कळते.